वावरातला खडा, तांब्याची तार



पावसाची चांगली सर येऊन गेली की वावरातले खडे धुऊन निघतात. काळ्या मातीत एखादा पांढरा, एखादा लालसर, एखादा मधासारखा पिवळा खडा चमकतो. लहान मुले ते खिशात भरतात. मोठी माणसे मात्र ते उचलून बांधावर टाकतात. कुळवाला आड येणारा दगड कोणाला आवडेल?

ह्या धड्यात आपण तोच खडा घेणार आहोत. तांब्याच्या तारेत बसवून त्याचे गळ्यात घालायचे पदक करणार आहोत. बाजारात ह्याला पेंडंट म्हणतात. ह्या कामाला भट्टी लागत नाही, वीज लागत नाही. ओसरीवर बसून, उजेडात, दोन्ही हातांनी करण्याचे हे काम आहे. शेवटी ह्या कामाचा हिशेब कसा लिहायचा तेही आपण पाहू. हिशेबाचा भाग गाळू नका. वस्तू चांगली झाली, पण हिशेब लिहिला नाही, तर मेहनत फुकट जाते.

१. हा खडा आला कुठून?

आपल्या महाराष्ट्राचा पुष्कळसा भाग काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडल्या. आतला तापलेला रस बाहेर आला. तो पसरला आणि थंड होऊन त्याचा दगड झाला. रस थंड होत असताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. घावनाला जाळी पडते ना, तशा त्या दगडात पोकळ्या राहिल्या.

पुढे लाखो वर्षे त्या दगडातून पाणी झिरपत राहिले. पाण्यात विरघळलेला गारेचा अंश त्या पोकळ्यांत साचला. थरावर थर बसले. कुठे पट्ट्यापट्ट्यांचा अकीक झाला, कुठे पांढरी गारगोटी झाली. काळा पाषाण ऊन-पावसाने झिजला, त्याची माती झाली. अकीक आणि गारगोटी जास्त कठीण. ती झिजली नाहीत. म्हणून ती आज आपल्याला वावरात, ओढ्यात, नदीच्या वाळूत सापडतात.

ह्या खड्यांचे दागिने करणे काही आजचे नाही. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ ह्या काळात डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती तिथे सापडली. त्यांच्या घरांत धान्याच्या कणग्यांच्या खुणा मिळाल्या, मातीची भांडी मिळाली आणि रंगीत दगडांचे मणीही मिळाले. म्हणजे बघा, शेती करणारी माणसे तेव्हाही खडा ओळखत होती आणि गळ्यात घालत होती.

२. भोक पाडायचे नाही, घासायचे नाही

मणी करायचा तर दगडाला भोक पाडावे लागते. दगड घासावा लागतो, चकचकीत करावा लागतो. गुजरातेत खंभात नावाचे गाव आहे. तिथे अकिकाचे मणी करण्याचा धंदा फार जुना आहे. तिथले कारागीर मोठे कसबी. पण दगड घासताना बारीक धूळ उडते. ही धूळ पिठासारखी, डोळ्यांना धड दिसतही नाही. ती श्वासाबरोबर छातीत जाते आणि तिथेच राहते. फुफ्फुसे हळूहळू निकामी होतात. दम लागतो, खोकला सुटत नाही. ह्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. हा रोग बरा करणारे औषध नाही. हा रोग झालेल्याला क्षय लवकर जडतो. खंभातच्या अनेक कारागिरांचे प्राण ह्या रोगाने घेतले आहेत.

म्हणून आम्ही इथे तारेची रीत सांगत आहोत. ह्या रीतीत खडा जसा आहे तसाच राहतो. त्याला भोक नको, घासणे नको. तारच त्याला चारी बाजूंनी धरून ठेवते. खड्याला गोलाई हवी ना? ती नदीने आणि ओढ्याने आधीच दिली आहे. आपण फक्त चांगला खडा निवडायचा.

हे पक्के ध्यानात ठेवा: घरात मुलेबाळे असताना यंत्रावर दगड कोरडा घासत बसू नये. तोंडाला फडके बांधले तरी ही धूळ थांबत नाही.

३. खडा कसा निवडावा?

अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडा मोठा खडा घ्या. सुमारे ३ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद असला की पुरे. फार जाड नको. चपटा आणि अंडाकृती खडा नवशिक्याला सोपा जातो. गोटीसारखा वाटोळा खडा तारेतून निसटतो. तो पुढे हात बसल्यावर घ्यावा.

खडा साबणाच्या पाण्यात जुन्या ब्रशाने धुवा. ओला असताना उजेडात धरून पाहा. ओल्या खड्यावर त्याचा खरा रंग दिसतो. चीर असेल तर तीही दिसते. चिरलेला खडा बाजूला ठेवा.

आता खडा कठीण आहे की मऊ, ते तपासा. लोखंडी खिळा घ्या आणि खड्याच्या पाठीवर ओढा. खिळ्याने खड्याला चरा पडला तर खडा मऊ. असा खडा दागिन्याला टिकत नाही. चरा पडला नाही तर फुटक्या बाटलीची काच जमिनीवर ठेवा, हाताला फडके गुंडाळा आणि खड्याची कड काचेवर ओढून पाहा. काचेवर चरा उमटला तर खडा अकिकाच्या किंवा गारगोटीच्या जातीचा कठीण खडा आहे, असे समजायला हरकत नाही. तपासणी झाली की काच लगेच उचलून टाका. पोरांच्या पायाला लागू देऊ नका.

खडे कुठून आणावेत? आपल्या वावरातून, ओढ्यातून आणावेत. दुसऱ्याच्या रानातले विचारल्याशिवाय घेऊ नयेत. किल्ले, लेणी, देवळे ह्यांचा एक दगडही हलवू नये. गावाजवळच्या जुन्या पांढरीच्या टेकाडावर कधी भोक पाडलेला जुना मणी सापडतो. तो पदकात घालू नका. तो आपल्या वाडवडिलांचा पुरावा आहे. जिथे सापडला ती जागा लक्षात ठेवा आणि तलाठ्याला किंवा तहसील कचेरीत कळवा.

४. तार आणि अवजारे

तार तांब्याची घ्यावी. तांबे मऊ असते, हाताने वळते. तारेची जाडी गेजने सांगतात. इथे एक गंमत आहे. गेजचा आकडा मोठा, तर तार बारीक. २० गेजची तार सुमारे ०.९ मिलिमीटर जाड असते. २६ गेजची तार त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे ०.४५ मिलिमीटर असते. आपल्याला ह्या दोन्ही लागतील. जाड तारेचा सांगाडा करायचा आणि बारीक तारेने तो बांधायचा.

मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात तांब्याची तार वजनावर मिळते. तिच्यावर पातळ लेप असतो. लेप असला तरी चालते. घरातल्या जुन्या वायरीतली तांब्याची तारही वापरता येते. मात्र वायरीचे प्लास्टिक जाळू नका! तो धूर विषारी असतो. ब्लेडने चीर देऊन साल काढावी तसे प्लास्टिक सोलून काढा. ब्लेड नेहमी बोटांपासून दूर न्यावे.

अवजारे चारच:

१) चपट्या तोंडाची पक्कड,
२) तार कापायची पक्कड,
३) बारीक कानस,
४) कडी वळवायला पेन्सिल किंवा तेवढ्याच जाडीची काडी.

शिवाय मोजपट्टी, दोरा, चिकटपट्टी आणि सुती फडके जवळ ठेवा. पकडीच्या दातांचे वळ तारेवर उठतात. ते उठू नयेत म्हणून पकडीच्या तोंडावर चिकटपट्टी गुंडाळावी.

५. करण्याची रीत

पहिल्यांदा तार मोजा. खड्याच्या कडेने दोरा फिरवा आणि तो दोरा मोजपट्टीवर ठेवा. ३ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद खड्याला हा घेर सुमारे ८ सेंटिमीटर भरतो. त्यात १२ मिळवा. झाले २० सेंटिमीटर. जाड तारेचे २० सेंटिमीटरचे ३ तुकडे कापा. कापताना टोक उडते. म्हणून दुसऱ्या हाताने टोक धरा आणि तोंड बाजूला करा. बारीक तार ६० सेंटिमीटर घ्या.

आता क्रमाने चला.

पायरी १. तिन्ही जाड तारा फडक्यातून ओढून सरळ करा. त्या एकमेकींना चिकटून, पट्टीसारख्या ठेवा. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा. बरोबर मध्यावर, म्हणजे १० सेंटिमीटरवर, शाईची खूण करा.

पायरी २. खुणेवर बारीक तारेचे ५ वेढे द्या. वेढ्याला वेढा लागून बसला पाहिजे. एकावर एक चढू देऊ नका. सुरुवातीचे आणि शेवटचे टोक एकाच बाजूला ठेवा, कापा आणि दाबून टाका. ही बाजू आतली. ती खड्याकडे जाईल.

पायरी ३. मधल्या बांधणीपासून दोन्हीकडे दीड-दीड सेंटिमीटर मोजा. तिथेही ४-४ वेढे द्या. आता आपली पट्टी तीन ठिकाणी बांधली गेली. टोकांची चिकटपट्टी काढा.

पायरी ४. पट्टी खड्याच्या कडेभोवती वळवा. मधली बांधणी खड्याच्या खालच्या टोकाशी आली पाहिजे. दोन्ही बाजू वर न्या. जिथे त्या एकमेकींना भेटतात, तिथे दोन्हीकडच्या तारा वर उभ्या वळवा. आता वर ६ टोके झाली.

पायरी ५. खडा काढून घ्या. बांधण्यांच्या मधल्या जागेत पुढची तार नखाने किंवा पकडीच्या टोकाने थोडी आत ओढा. सगळीकडे थोडी थोडी ओढा. ह्या तारेने खड्याला पुढून अडवायचे आहे. आता मागून खडा बसवा. तो पुढून बाहेर पडता कामा नये.

पायरी ६. खडा बोटाने धरून ठेवा. वरची ६ टोके एकत्र घ्या आणि खड्याच्या अगदी डोक्याशी बारीक तारेचे ५ वेढे घट्ट द्या. ही पदकाची मान झाली. सगळा भार मानेवर येतो. म्हणून मान ढिली ठेवू नका.

पायरी ७. आता मागची तार बांधण्यांच्या मध्ये आत ओढा. खडा मागूनही अडकला. पुढे एक तार, मागे एक तार, कडेला एक तार. खडा कुठे जाणार?

पायरी ८. वरच्या ६ टोकांपैकी मधली २ घ्या. ती पेन्सिलीवरून मागे वळवा. कडी तयार होईल. त्यांची टोके मानेभोवती एकदा फिरवून मागच्या बाजूला दाबा. मागची २ टोकेही मानेला गुंडाळून कापा. पुढची २ टोके राहिली. ती पकडीने गोल गोल वळवून चकलीसारखा वेटोळा करा आणि खड्याच्या वरच्या अंगाला दाबून बसवा. झाले पदक!

एक सूचना. तार एकाच ठिकाणी पुन्हापुन्हा वाकवली की ती ताठर होते आणि तुटते. म्हणून आधी विचार करा, मग वाकवा. पहिली दोन-तीन पदके वाकडी होतील. त्याने खचू नका. पहिली भाकरी तरी कोणाची गोल झाली होती?

६. तपासणी

पदक कानाशी धरून हलवा. खडखड वाजले तर खडा ढिला आहे. बांधण्यांमधली तार थोडी पिळून घट्ट करा. मग कडीत दोरा घाला आणि हलका झटका द्या. शेवटी जुन्या लुगड्याचा किंवा ओढणीचा मऊ तुकडा पदकावरून फिरवा. कापड जिथे अडकेल, तिथे तारेचे टोक वर आले आहे. ते दाबा किंवा कानशीने बोथट करा. आपल्या पदकाने कोणाचा गळा ओरखडू नये.

तांबे काही दिवसांनी काळपट पडते. चिंच आणि मीठ लावून चोळले, स्वच्छ पाण्याने धुतले आणि लगेच पुसले की पुन्हा उजळते. लेप असलेल्या तारेला हे करावे लागत नाही. घामाने कधी कातडीवर हिरवट डाग पडतो. तो धुतला की जातो.

७. आता पाटी घ्या: हिशेब

समजा, एका ताईंनी एक पदक केले. त्यांनी वहीत असे लिहिले:

तार: ८ रुपये
गळ्यातला दोरा: ६ रुपये
पाकीट आणि चिठ्ठी: ३ रुपये
अवजारांची झीज: ३ रुपये
एकूण माल: २० रुपये

व्यापारी आला. म्हणाला, "६० रुपये देतो." ताईंना वाटले, २० चे ६० झाले, ४० रुपये सुटले! पण थांबा. ताईंनी वहीत वेळ लिहिला होता का? त्या पदकाला त्यांना दीड तास लागला. ४० रुपये भागिले दीड तास. तासाला २७ रुपयेही पडले नाहीत. त्या दीड तासात त्यांनी दुसरे कोणते काम केले असते? त्याचे काय मिळाले असते?

समजा, ताईंनी आपल्या तासाची किंमत ५० रुपये धरली. दीड तासाचे ७५ रुपये. मालाचे २०. म्हणजे पदक त्यांना ९५ रुपयांना पडले. ६० ला दिले तर ३५ रुपयांचा तोटा. हा तोटा डोळ्यांना दिसत नाही, कारण तो खिशातून जात नाही, अंगातून जातो. बायकांच्या कामाचे नेहमी असेच होते. "बसल्या बसल्या केलं" असे म्हणतात आणि त्याचे मोल कोणी धरत नाही. वहीत वेळ लिहिला की ते मोल दिसू लागते. मग व्यापाऱ्याशी बोलताना शब्दाला जोर येतो.

आता दुसरी बाजू पाहा. सरावाने हात बसला आणि तेच पदक पाऊण तासात होऊ लागले. पाऊण तासाचे साडेसदतीस रुपये. मालाचे २०. पदक साडेसत्तावन्न रुपयांना पडले. म्हणजे आज तोट्याचा असलेला भाव उद्या परवडू शकतो. तो परवडतो की नाही, हे वहीच सांगेल.

आणखी दोन खर्च विसरू नका. दहा पदके केली आणि दोन बिघडली, तर दहांच्या तारेचे ८० रुपये उरलेल्या आठांवर पडतात. म्हणजे तार ८ ची नाही, १० रुपयांची झाली. बाजाराला जायला एस.टी.ला ४० रुपये लागले आणि दहा पदके नेली, तर दर पदकावर ४ रुपये चढले. तेही लिहा.

हे सारे आकडे आम्ही समजण्यासाठी धरले आहेत. तुमच्या गावचे भाव तुम्ही लिहा. एकटीने थोडी तार घेतली तर महाग पडते. बचत गटाने मिळून वजनावर घेतली तर स्वस्त पडते. १०० ग्रॅम जाड तार सुमारे १७ मीटर भरते. एका पदकाला ६० सेंटिमीटर लागते. मग १०० ग्रॅममध्ये किती पदके होतील? करा हिशेब.

८. खरे सांगून विकावे

खड्याच्या नावाने फसवणूक फार चालते. कोणी म्हणतो, हा खडा घाला, आजार बरा होईल. कोणी म्हणतो, कोर्टाचा निकाल तुमच्यासारखा लागेल. अशा बोलण्याला भुलून गरीब माणूस औषधाचे पैसे खड्यावर घालतो. खडा सुंदर असतो, कठीण असतो, फार जुना असतो. पण तो ताप उतरवीत नाही. आपण असे सांगून विकू नये आणि ऐकून घेऊही नये.

तांब्याला तांबेच म्हणावे. वर मुलामा असेल तर तसे सांगावे. दर पदकाबरोबर आपल्या हाताने लिहिलेली एक लहान चिठ्ठी द्यावी:

"खडा: अकीक. आमच्या ओढ्यात सापडला. तार: तांब्याची. हाताने केलेले. किंमत: ...... रुपये."

एवढी चिठ्ठी लिहिता येणे ही आपली मोठी कमाई आहे. गिऱ्हाईक ती वाचते. त्याला माल कळतो आणि करणाऱ्यावर विश्वास बसतो. विश्वास बसला की तेच गिऱ्हाईक पुढच्या जत्रेला पुन्हा येते.

आपण काय शिकलो?

१) अकीक वावरात का उरतो? काळा पाषाण का उरत नाही?
२) दगड कोरडा घासल्याने कोणता रोग होतो?
३) २० गेज आणि २६ गेज, ह्यांत बारीक तार कोणती?
४) खडा ढिला आहे हे कसे ओळखाल?
५) वर सांगितलेल्या १०० ग्रॅम तारेत किती पदके होतील?

करून पाहा

ह्या आठवड्यात एक खडा निवडा आणि एक पदक करा. वहीत चार रकाने आखा: तारीख, माल, वेळ, किंमत. पदक वाकडे झाले तरी चालेल, पण चारही रकाने भरा. पुढच्या वर्गाला पदक आणि वही, दोन्ही घेऊन या.